उस्तादांनी लावलेला रेडिओ

रेडिओ माझा नव्हता आणि बिघाडही माझा नव्हता. तरी तुळजापूरच्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो तेव्हा तळहातांना घाम सुटला होता. व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा जुना रेडिओ. मालक धाराशिवचे एक निवृत्त कारकून. त्यांनी तो माझ्या उस्तादांकडून दोनदा दुरुस्त करून आणला होता आणि दोन्ही वेळा तक्रार एकच. सोलापूर लावलं की आवाज किरकिरतो, मागून दुसरंच कुठलंतरी स्टेशन डोकावतं. तिसऱ्यांदा ते उस्तादांकडे गेलेच नाहीत, माझ्या दारात आले. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, म्हणजे मला सगळंच येतं, असा त्यांचा समज.

मी तो घरीच उघडला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण आम्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांत एक रीत आहे. रेडिओच्या पोटात पत्र्याच्या छोट्या डब्या असतात, त्यांत फिरवायचे स्क्रू असतात. ते सगळे एका सुरात आणले की मेकॅनिक प्रत्येकावर मेणाचा थेंब सोडतो. हे मी लावलंय, कुणी हात लावू नये, असा त्याचा अर्थ. दुसऱ्याचं मेण त्याच्या पाठीमागं फोडायचं नाही, हे मला उस्तादांनीच शिकवलं होतं. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याकडेच घडलो. ते मशीन वापरत नाहीत, नुसत्या कानानं रेडिओ लावतात.

आदल्या दिवशी फोनवर उस्तादांना सगळं सांगितलं होतं.

"आण," ते म्हणाले. "तुजी ती मशीनबी आण. माजा कान खोटा निघाला तर दुकान बंद. तोंडानं बोललोय, ध्यानात ठेव."

त्यांनी एकदा तंबाखू सोडतो म्हटलं आणि त्याच दिवशी सोडली होती. असल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं म्हणजे संपलंच. ऐंशीच्या घरातला हा माणूस दुकानाशिवाय घरात बसून काय करणार, या विचारानं मला रात्रभर झोप लागली नव्हती. कारकुनांचा मनोमन रागही आला. नवा रेडिओ घ्यायला काय झालं होतं?

दुकान तुळजापुरात, लॉजेसच्या गल्लीत. मागं घर, मध्ये पडद्याचा आडोसा. मी टेबलावर माझं सामान मांडलं आणि मलाच लाज वाटली. ऑनलाइन मागवलेलं सिग्नल जनरेटरचं बोर्ड, तेही पोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेलं. एक पिवळा मल्टीमीटर. स्क्रू फिरवायला स्वेटरची प्लॅस्टिकची सुई, टोक घासून चपटं केलेली, कारण लोखंड आत घातलं की मेळ बदलतो.

"हे माजा कान तपासणार," उस्ताद म्हणाले.

"तुमचा कान नाही, रेडिओ," मी म्हणालो. मला स्वतःलाही ते पटलं नाही.

रेडिओ सुरू केला. पोटात अडीचशे व्होल्ट खेळत असतात, दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो, म्हणून डावा हात खिशात घातला. उस्तादांनी ते पाहिलं आणि मान हलवली. निदान एवढं तरी शिकलाय, असं काहीसं. डब्यातून चारशे पंचावन्न किलोसायकलचा सिग्नल सोडला. या जातीचा रेडिओ आतून याच आकड्यावर लावतात. तिथं मीटरवर सगळ्यात जास्त व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले बेताचेच. सहा किलोसायकल खाली गेलो, आकडा चढला. सहा वर गेलो, पुन्हा चढला. मधोमध खड्डा.

मी दोनदा, तीनदा करून पाहिलं. स्क्रू आपोआप सरकले असते तर एखादा सरकला असता. इथं दोन खाली आणि दोन वर, सारख्या अंतरानं. कुणीतरी हातानं, मन लावून लावलं होतं. आणि चारही स्क्रूंवर उस्तादांचं मेण अखंड होतं.

"तुजं खेळणंच खोटं बोलतंय," उस्ताद म्हणाले. आवाज चढला होता.

मी मनात म्हटलं, देवा, तसंच असू दे. स्वस्तातलं बोर्ड आहे, असू शकतं. तपासायचा एक मार्ग होता. उस्तादांचा खिशातला ट्रान्झिस्टर घेतला, त्यावर सोलापूर लावलं. मग डब्याची तार त्याच्याजवळ धरून जनरेटर हळूहळू त्या स्टेशनच्या आकड्याकडे न्यायला लागलो. अशा वेळी ट्रान्झिस्टरमधून शिट्टी येते. आधी बारीक, मग खाली उतरत उतरत बरोबर आकड्यावर बंद पडते. जिथं बंद पडते तो आकडा स्टेशनच्या आकड्याशी जुळला, तर मशीन खरं.

शिट्टी सुरू झाली. पडद्यामागून काकूंनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, "अगंबाई, कानठळ्या बसवता का!" म्हणून ओरडून सांगितलं.

उस्ताद ट्रान्झिस्टरवर वाकून बसले होते. "कर की सुरू," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. शिट्टी माझ्या दातांत शिरत होती. ते शांतपणे वाट बघत होते. मी बटण थोडं थोडं फिरवत गेलो. शिट्टी निम्म्याहून खाली उतरली तेव्हा त्यांच्या भुवया हलल्या. "हां. आत्ता आली."

पुढं शिट्टी बंद पडली, अगदी सोलापूरच्या आकड्यावर. मशीन खरं होतं, पण मला आता त्याची फिकीर नव्हती. वय झालं की टिपेचे बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. उस्तादांना मेळ बरोबर लागला की रेडिओ दबलेला वाटत असणार. म्हणून ते स्क्रू दोन्हीकडे ओढत होते, बारीक आवाज बाकीच्यांना टोचेस्तोवर. तेव्हा कुठं त्यांना तो स्वच्छ ऐकू येत होता.

खोटं बोलायचा मोह झाला. मशीन बिघडलंय म्हणायचं, रेडिओ घरी नेऊन गुपचूप लावायचा. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं.

"फोड मेण," ते म्हणाले.

मी फोडलं. सुईनं एकेक स्क्रू फिरवत मीटरचा आकडा चढवत नेला. जरा जास्त जोर लागून स्क्रूची ठिसूळ कांडी तडकली तर आता ती कुठंही मिळत नाही. चौथा स्क्रू झाल्यावर जनरेटर बंद केला, सोलापूर लावलं. आवाज भरदार आला, मागचं स्टेशन नाहीसं झालं.

"दाबलास की आवाज," उस्ताद म्हणाले. "गोधडी पांघरल्यावानी झालाय." मग पडद्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "अगं, ऐकलं का? कसाय आवाज?"

"आत्ता बरा झालाय," काकू आतून म्हणाल्या. "लई दिवसांनी. न्हायतर तुमी लावलेले समदेच रेडिओ नुसते किरकिर करत्यात."

सोलापूरवर बाजारभाव चालू होते. काकूंना आपण काय बोललो ते उशिरा कळलं असावं, कारण आतली भांडी एकदम थांबली.

"कवापासनं?" उस्तादांनी विचारलं.

"झाली की दोन वर्सं," काकू अगदी हळू म्हणाल्या. मला ते मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं.

मला वाटलं आता ते शटर ओढतील. ते एकेक बोट दुमडत राहिले. पाचसहा बोटं दुमडून झाल्यावर मला कळलं की या दोन वर्षांत ज्यांचे रेडिओ लावले ती घरं ते आठवतायत.

"दुकान बंद," ते म्हणाले. "पण ही घरं आदी. तुजा डबा हितंच ऱ्हाऊ दे. उद्या माकणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डबा घेऊन एसटीनं माकणी गावाला गेलो. धरणाकडच्या अंगाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर. रेडिओ खाटेवर, अगदी उशीला टेकवून ठेवलेला. उस्ताद खाली बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाले, "पावणं, मला बारीक ऐकू येईना झालंय. तुमचा रेडिओ म्या बिघडवून दिला. ह्यो आता नीट लावंल."

म्हातारा गोंधळून माझ्याकडे, मग उस्तादांकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटला. दारात शेळ्या ओरडत होत्या.

"काय म्हनतोय?" उस्तादांनी मला विचारलं.

मला सांगवेना. त्यांनी माझा दंड धरला आणि पुन्हा विचारलं.

मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "ते म्हणतायत, आमाला वाटलं आमचाच कान गेला. उस्तादाचा हात चुकंल, हे मनातबी आलं न्हाय."