घडीभाऊ आणि नऊ रेघा

घडीभाऊ माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी मनगट. ते आर्णी-दारव्हा बसचे कंडक्टर. तिकिटासाठी प्रवाशाचा हात पुढे आला की त्यांची नजर नोटेवर थांबतच नसे, चार बोटं पुढे सरकून मनगटावर जायची. तिथे चावीचं जुनं घड्याळ दिसलं की संपलं. सुटे पैसे हातातच राहायचे, तिकीट अर्धवट राहायचं, आणि मागचे लोक कुरकुरू लागायचे. त्या बसने मी अकरा वर्षं शाळेत शिकवायला गेले, आणि त्यातली बरीच कुरकुर माझीही होती.

माझ्याशी ते पहिलं वाक्य बोलले ते तिकिटाचं नव्हतंच. माझ्या हातात वडिलांचं घड्याळ असायचं. त्याकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, तुमची घडी मांगं पडते. चावी रात्री देता ना? सकाळी देत जा. दिवसभर तिच्यात दम राह्यते." मला राग आला. बिनओळखीच्या माणसाने माझ्या घरातल्या सवयी का सांगाव्यात? पण दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बघत नाही अशा बेताने, मी चावी दिली. घड्याळ नीट चाललं. चार दिवसांनी त्यांना तसं सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या सीटकडे गेले. त्यांना त्यात शंका अशी नव्हतीच.

त्यांचं नाव त्यांच्या बिल्ल्यावर होतं, पण ते कोणी वाचत नसे. दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत ते घडीभाऊच. सुट्टीच्या दिवशी ते जुन्या घड्याळांच्या शोधात निघायचे. आठवडी बाजारात कुलपं, नळाच्या तोट्या, चष्म्याच्या काड्या मांडून बसणारे विक्रेते त्यांच्यासाठी एखादी घडी बाजूला ठेवत. आर्णीचे दोन भंगारवाले तर बस थांब्यावर येऊन निरोप देत. पांढरकवड्याच्या हायवेवर एका ढाब्यावर ते ट्रकवाल्यांशी गप्पा मारत बसायचे, कारण लांबच्या गाड्यांबरोबर लांबची घड्याळंही येतात असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे त्यांनी एका तेलुगू ड्रायव्हरबरोबर तीन तास काढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. घडी मिळाली.

घडी हातात आली की ते आधी डोळ्याने बघत नसत. भर बाजारात उकिडवे बसून ती एका कानाला लावायचे आणि दुसऱ्या कानात बोट घालायचे. डोळे मिटलेले. लोकांना वाटायचं, हा माणूस फोनवर कोणाची तरी वाईट बातमी ऐकतोय. एका बाईने त्यांना पाणीसुद्धा आणून दिलं होतं. ते त्यांनी प्यायलं, तिचे आभार मानले आणि पुन्हा कान लावला. हल्ली पोरं मोबाईलवर फोटो बघून घड्याळं मागवतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना त्या पोरांची खरोखर कीव आली. फोटोत आवाज कुठून येणार, एवढंच ते म्हणाले.

त्यांचे नियम होते. पाचशे रुपयांच्या वरची घडी घ्यायची नाही. मी एकदा विचारलं, समजा चांगली मिळाली सातशेला, तर? "महाग घडी कपाटात जाते मॅडम. मंग तिले कोणी टाइम विचारत नाई." दुसरा नियम, कोणाच्या हातातली चालती घडी मागायची नाही. आणि तिसरा, घेताना ती कोणाची होती हे विचारायचं. नाव, गाव, काय करत होता, कधी गेला. लिहून काही ठेवत नसत, पण साठ घड्याळांच्या साठ माणसांची माहिती त्यांना तोंडपाठ होती. माझ्या वर्गातल्या मुलांना साठ पाढ्यांतले सहा येत नाहीत.

ते फसलेही. निळ्याशार तबकडीचं एक घड्याळ त्यांनी दारव्ह्याच्या बाजारात घेतलं, आणि घरी जाऊन पुसलं तर सहाचा आकडा अंगठ्याला लागून आला. जुन्या तबकडीवर कोणीतरी नवा रंग चढवला होता. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. यांनी सोमवारी अख्ख्या बसला तो निळा अंगठा दाखवला.

साठ घड्याळं असलेल्या माणसाची बस मात्र मी कधी वेळेवर आलेली पाहिली नाही. वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, हीच तक्रार होती. "घरात साठ घड्या, अन् याईले जेवाले बोलवाले मले वट्ट्यावर यावं लागते." पण प्रत्येक घड्याळासाठी ब्लाउजपीसच्या कापडाची छोटी पिशवी वहिनींनीच शिवली होती. रोज सकाळी भाऊ दहा घड्याळांना चावी द्यायचे, सहा दिवसांत फेरी पूर्ण. वहिनी चहा घेऊन शेजारी बसायच्या आणि कुठल्या पिशवीची पाळी आहे ते सांगायच्या. मी हे पाहिलं आहे. मला त्या दोघांचा थोडा हेवा वाटला होता.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आर्णीजवळच्या एका तांड्यावरच्या तरुणाने भाऊंना एक बंद पडलेलं घड्याळ विकलं. वडिलांचं होतं, वडील वारले होते, चालत नव्हतं म्हणून घरात कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. भाऊंनी नियमाप्रमाणे सगळं विचारलं. घड्याळाच्या पाठीवर खिळ्याने ओरखडल्यासारख्या रेघा होत्या. त्यांच्याबद्दल मात्र त्यांनी विचारलं नाही. दारव्ह्यात एक म्हातारे घड्याळजी होते, भाऊ त्यांना चाचा म्हणत. चाचांनी घड्याळ आतून साफ केलं, चालू केलं, आणि पाठ मशीनवर घासून अशी चकचकीत केली की भाऊंनी ती मला बसमध्ये दाखवली तेव्हा त्यात मला माझं नाक दिसलं. भाऊ त्या दिवशी फार खुशीत होते.

दोन महिन्यांनी त्या तांड्याच्या थांब्यावर एक म्हातारी बसमध्ये चढली. तिकीट मागितलं नाही, सीटवर बसली नाही. दांडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "घड्या घेते थो कंडक्टर तुमीच काय?" ती त्या तरुणाची आई. मुलाने तिला न विचारता घड्याळ विकलं होतं. ते तिला परत हवं होतं. पैसे तिने पदराला बांधून आणले होते.

मी पहिल्याच सीटवर होते, सगळं ऐकलं. तिचा नवरा ऊसतोडीला जायचा. दिवाळी झाली की टोळीबरोबर पश्चिमेकडे, आणि होळीच्या पुढेमागे परत. त्याला लिहिता येत नव्हतं. परत आला की घरात पाऊल टाकायच्या आधी दारातच बसून तो घड्याळाच्या पाठीवर खिळ्याने एक रेघ मारायचा, आणि मग घड्याळ तिच्या हातात द्यायचा. नऊ वर्षं गेला, नऊ रेघा. "जितके डाव गेला, तितके डाव आला," ती म्हणाली. "मले टाइम कुठं समजते? मी मांगूनच पाह्यत व्हती घडी."

तांड्यावर आईला हाक मारतात तशी हाक मारून भाऊ म्हणाले, "याडी, रविवारी घेऊन येतो." पैसे घेतले नाहीत. त्यानंतर दारव्हा येईपर्यंत त्यांनी तीन जणांना चुकीची तिकिटं दिली, आणि कोणाच्याही मनगटाकडे पाहिलं नाही.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते मी रोज बघत होते. घड्याळ खिशात, आणि सारखा हात खिशावर. चाचांनी त्यांना सोपा उपाय सांगितला होता: खिळा घेतो, नऊ रेघा मारून देतो, म्हातारीला काय कळणार. शुक्रवारी भाऊंनी मला विचारलं. मी शिकलेली बाई, मुलांना खरं बोलायला शिकवणारी, मीही तेच सांगितलं. मारा रेघा, तिच्या मनाला बरं वाटेल, कोणाचं नुकसान आहे त्यात?

भाऊंनी खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाई मॅडम. थ्या रेघा मी मारल्या, तं थो माणूस येकही डाव घरी आला नाई असं होईन."

मला माझीच लाज वाटली. रविवारी मी त्यांच्याबरोबर तांड्यावर गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण सल्ला देताना पुढे होते तर आता मागे राहणं बरं दिसलं नसतं.

म्हातारी दारातच बसली होती. भाऊंनी घड्याळ तिच्या हातात दिलं आणि ती पाठ बघायच्या आत सांगून टाकलं, की रेघा राहिल्या नाहीत, मी घासल्या. तिने घड्याळ उलटं केलं. अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा, जरा जोर देऊन, जणू पीठ चिकटलं असेल तर निघेल. मुलगा मागे उभा होता, तो जमिनीकडे बघत होता.

"काहून घासल्या?" तिने विचारलं.

"चांगली दिसावी म्हणून."

"चांगलीच तं व्हती."

भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका कंडक्टरला भर उन्हात रडताना पाहिलं. म्हातारीने त्यांना रडू दिलं. तिने समजूत काढली नाही, रागावलीही नाही. थोड्या वेळाने उठून पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्यासमोर ठेवला, आणि चावी कशी द्यायची ते विचारलं. भाऊंनी डोळे पुसून तिला दाखवलं, सकाळी द्यायची, फार पिळायची नाही, अडली की थांबायचं. निघताना ती एवढंच म्हणाली, "याल मंग."

त्यानंतर चाचांच्या दुकानात भाऊंचं एकच सांगणं असायचं. आतून साफ करा, बाहेरून हात लावू नका. ओरखडे, डाग, पट्ट्यावरचा घामाचा काळेपणा, सगळं राहू द्या. आणि घेताना तिसऱ्या नियमात भर पडली. ही कोणाची, हे विचारून झालं की ते घड्याळ उलटं करून एकेका खुणेवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हे कायचं? लोक वैतागायचे. काहींना आठवायचं. एकाने सांगितलं, हा पोचा बैलगाडीच्या चाकाखाली आल्याचा, आणि मग तो विकायला आलेला माणूस घड्याळ घेऊन घरी परत गेला. भाऊ मला हे सांगताना असे हसत होते की जणू त्यांनाच घडी मिळाली.

ते निवृत्त झाले, माझी बदली यवतमाळला झाली. फोनवर बोलणं व्हायचं. मधूनमधून ते तांड्यावर जाऊन येत, दुचाकीवर, घड्याळाचं तेलपाणी बघायला म्हणून. असं ते सांगायचे. चावीच्या घड्याळाला इतक्या वेळा तेल लागत नाही हे तोपर्यंत मलाही कळलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मी दहाव्या दिवशी त्यांच्या घरी गेले. कपाटातल्या पिशव्या जागच्या जागी होत्या आणि एकही घड्याळ चालत नव्हतं. दहा दिवसांत चावी द्यायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच तेच सांगत होत्या, कोरड्या आवाजात, डोळ्यांत पाणी नाही. त्यांच्या बहिणीने मला हळूच सांगितलं, पहिल्या दिवसापासून रडली नाही, आम्हाला भीती वाटते.

दुपारी तांड्यावरची म्हातारी आली. मुलाने मोटारसायकलवरून आणली होती. ती सरळ वहिनींच्या शेजारी जाऊन बसली, कंबरेच्या पिशवीतून घड्याळ काढलं आणि उलटं करून त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते चालू होतं. त्या खोलीत तेवढंच चालू होतं. चकचकीत पाठीवर रेघा होत्या, बारीक, वाकड्यातिकड्या, हाताला सवय नसलेल्या माणसाने मारलेल्या.

वहिनींना काही समजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ह्या भाऊच्या," म्हातारी म्हणाली. "थो आला का मी येक मारत व्हती."

वहिनींनी रेघांवर बोट फिरवत मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सात?" त्या म्हणाल्या. "मले तं तीनच डाव सांगून गेलते." आणि त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. ते हसणं नाही हे आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. म्हातारीने त्यांनाही रडू दिलं.