रुआपेहूच्या उतारावरचं बोरन्हाण

न्यूझीलंडला उन्हाळ्यात जावं, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. तिथला उन्हाळा म्हणजे आपले डिसेंबर-जानेवारी. मी निघाले मे महिन्यात, पुण्याच्या उकाड्यातून थेट तिथल्या थंडीत. सोसायटीतल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. पण थंडी ही माझी जुनी आवड. माझं बालपण नाशिकचं. आमचे हे पंखा पाचवर ठेवून झोपायचे आणि मी दोन पांघरुणं घेऊन कुरकुर न करता शेजारी पडायचे. ते गेले त्याला आता दोन वर्षं होतील. पंखा आता माझ्या मनाप्रमाणे चालतो आणि त्यात काही मजा नाही.

जायचं खरं कारण मात्र एक फोटो होता. माझी लेक मंजिरी वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला राहते, हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. जावई केदार कॉम्प्युटरवाला. त्यांच्या हॉलमध्ये थोरल्या ओजसचा फोटो आहे. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी आणि अंगावर बोरं-चुरमुऱ्यांचा पाऊस. ते पुण्यात असताना मी त्याचं बोरन्हाण केलं होतं. धाकटी रेवा तिकडेच जन्मली. तेव्हा यांचं आजारपण सुरू होतं, मला जाता आलं नाही. पुढे तिकडची संक्रांत दरवर्षी भर उन्हाळ्यात, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत निघून गेली. फोनवर मंजिरी म्हणाली की रेवा हल्ली त्या फोटोसमोर उभी राहते आणि विचारते, "व्हेअर इज माइन?"

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच करतात. रेवा सप्टेंबरमध्ये पाच वर्षांची होणार होती. म्हणून संक्रांतीच्या थंडीत केलेला हलवा मी जपून ठेवला, त्याचा हार, बांगड्या, बिंदी गुंफली आणि पत्र्याच्या डब्यात घालून निघाले. ऑकलंडच्या विमानतळावर खाण्याचे सगळे जिन्नस दाखवावे लागतात. जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा आणि काही लपवू नका. वाळवलेली बोरं तिथेच टाकून द्यावी लागली. हलव्याचा हार मात्र त्या अधिकाऱ्याने हातमोजे घालून उजेडात धरला आणि हे कशासाठी असं विचारलं. मी म्हटलं, नातीच्या डोक्यावर ओतायला. त्याने हार अलगद डब्यात ठेवला आणि डबा परत दिला.

आता घरातलं सांगते. लेकीचं घर डोंगरउतारावर, लाकडी, आणि तिथला वारा असा की वाळत घातलेली चादर शेजाऱ्याकडे मागायला जावं लागतं. सकाळी आठला चौघं बाहेर पडायची ती संध्याकाळीच परतायची. मी खिडकीशी बसायचे. कोपऱ्यावरच्या दुकानाला तिकडे डेअरी म्हणतात, तिथे दूध आणायच्या निमित्ताने दिवसातून एकदा जायचे. दुकानदार गुजराती, तो "केम छो बा" म्हणायचा. कित्येक दिवस घराबाहेर माझं तेवढंच बोलणं व्हायचं. एकटेपणा पुण्यातही होता, पण तिथे तो माझ्या ओळखीच्या भिंतींत होता.

आणि रेवा माझ्याजवळ येत नव्हती. तिची चूक नाही. तिच्यासाठी आजी म्हणजे फोनमधला आवाज, आणि तो आवाज एक दिवस हातपाय घेऊन घरात राहायला आला. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. मी मांडीवर घ्यायला हात पुढे केले की "नो थँक्यू" म्हणायची. इतक्या सभ्यपणे दिलेला नकार पचवणं फार अवघड असतं. रात्री अंथरुणात मी रडले आहे, खोटं कशाला सांगू.

बोरन्हाणही लांबत चाललं होतं. कधी मंजिरीची शनिवारची ड्यूटी, कधी मुलांना सर्दी. शेवटी जुलैच्या शाळेच्या सुट्टीत बर्फ बघायला माउंट रुआपेहूला जायचं ठरलं, तेव्हा मी डबा आणि स्टीलची वाटी बॅगेत टाकली. मंजिरीने पाहिलं. "आई, बर्फात?" मी म्हटलं, थंडी आहे, हलवा आहे, काळे कपडे तर तुमच्याकडे सगळेच घालतात, अजून काय हवं? फक्त करायचं तूच. का ते तिलाही ठाऊक होतं. मंगलकार्यात वाटी सवाष्णीच्या हातात असते. माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण नातीच्या बाबतीत उगाच विषाची परीक्षा कोण घेणार?

शनिवारी पहाटे निघणार होतो. हे विसरलं, ते राहिलं करत साडेदहाला एकदाचं गंगेत घोडं न्हालं. वेलिंग्टनकडून जाणाऱ्यांसाठी सांगते, हायवे एक धरून उत्तरेला जायचं. चार-साडेचार तासांचा रस्ता, आमच्यासारखे थांबत गेलात तर सहा. लेव्हिनपर्यंत डावीकडे समुद्र अधूनमधून दिसतो, मग नुसती हिरवी कुरणं आणि मेंढ्या. टायहापे गावात पत्र्याचा भलामोठा गमबूट उभा केलाय, तिथे फोटो काढायचा रिवाज आहे. तिथेच गरम 'पाय' खाल्ले, म्हणजे आत सारण भरलेली तिकडची खारी. शाकाहारींनी चीजचा मागावा आणि तोंड भाजू नये म्हणून आधी फुंकर घालावी. मी मेथीचे ठेपले नेले होते. ओजसने चार खाल्ले. रेवाने हुंगून परत ठेवला.

वायोरूच्या पुढे डोंगर अचानक दिसला. सगळा पांढरा, वर ढगाची टोपी. गाडीत मी एकटीच "अगंबाई" म्हणाले. यांना हाक मारायला मान वळवली आणि शेजारी मुलांची कार सीट दिसली.

मुक्काम ओहाकुनेला केला. गावाच्या तोंडाशी गाजराचा पुतळा आहे, कारण तिथे गाजरं पिकतात. आपल्याकडे असता तर त्याला हारही पडला असता. मोटेलमध्ये स्वयंपाकघर मिळालं, मी मुगाची खिचडी टाकली. बर्फातले कपडे आणि बूट भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. भाड्याचा रुपयात गुणाकारही करू नका, बर्फ बघायच्या आधीच गारठाल. मला जांभळी फुगीर पँट मिळाली. जन्मभर नऊवारी-पाचवारीच्या पलीकडे न गेलेली बाई आरशात पाहून मी स्वतःच हसले. दाराशी उभी असलेली रेवाही हसली आणि लगेच पळाली.

सकाळी गाडी वर नेताना रस्त्यात चाकांना साखळ्या लावाव्या लागल्या. केदारची बोटं बधिर झाली तेव्हा शेजारच्या गाडीतला एक धिप्पाड माओरी गृहस्थ खाली उतरला, साखळी लावून दिली, "स्वीट ॲज", म्हणजे तिकडचं 'काही हरकत नाही', म्हणाला आणि निघून गेला. वर पोचलो आणि दार उघडताच ती थंडी नाकात शिरली. कोरडी, स्वच्छ. नाशिकला पहाटे बंबाशी उभं राहून जी घ्यायचे तीच, फक्त कितीतरी जास्त. मला फार बरं वाटलं. बर्फ हातात घेतला, दाबला, केदारच्या पाठीत मारला. जावयाला मारायची संधी एरवी कुठे मिळते?

मुलांसाठी घसरगाडीचा उतार वेगळा राखलेला असतो. तिथल्या मुलीने सांगितलं की लहानांबरोबर मोठं माणूस बसायलाच हवं. केदार ओजसला घेऊन पलीकडच्या मोठ्या उतारावर गेला होता, मंजिरीच्या हातात कॅमेरा. रेवाने आईकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घसरगाडीवर टेकले, तशी येऊन माझ्या मांडीत बसली. टोपीचा गोंडा माझ्या हनुवटीला लागत होता. मी दोन्ही हातांनी तिला धरलं आणि पाय उचलले.

खाली पोचेपर्यंत मी किंचाळत होते म्हणे. शेवटी गाडी उलटली, दोघी बर्फात, माझ्या नाकातोंडात बर्फ. रेवा उठून बसली, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. "अगेन, आजी." मग किती वेळा वर गेलो आणि खाली आलो, गुडघ्यांना विचारा. ज्या आज्या गुडघ्यांच्या भीतीने घरी बसतात त्यांना माझं सांगणं आहे, जा. दुखायचे ते घरी बसूनही दुखतातच.

दुपारी एका खडकाच्या आडोशाला मंजिरीने सतरंजी टाकली. रेवाला मध्ये बसवून काळ्या जाकिटावर हार, बांगड्या, बिंदी घातली. निरांजन वाऱ्यात लागेना, तेव्हा नुसतंच ओवाळलं. मी वाटीत हलवा आणि चुरमुरे भरून मंजिरीपुढे धरले आणि बाजूला सरकले. मंजिरीने वाटी घेतली.

"नो," रेवा म्हणाली. "आजी डू इट."

मी म्हटलं, बाळा, हे आईने करायचं असतं. तिने मान हलवली आणि मराठीत, माझ्यासमोर पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आजीने कर."

मंजिरीने वाटी माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते. "कर आई," ती म्हणाली. "इथे कोणी बघत नाहीये. आणि बघितलं तरी काय?"

मी वाटी रेवाच्या डोक्यावर रिती केली. बोरन्हाणात खाली पडलेलं वेचायला शेजारची मुलं जमतात, तशी तिथेही जमली, सोनेरी केसांची दोघं-तिघं आणि एक माओरी मुलगी. पण पांढरा हलवा पांढऱ्या बर्फात दिसेचना. सगळी लाल बोटांनी उकरत होती आणि हाताला येईल ते चाखून बघत होती, गोड लागलं की ओरडत होती. वाटी रिकामी झाली तरी रेवा हलेना. "मोअर." मग मी वाटीत बर्फ भरला आणि ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तिच्या पापण्यांवर बर्फ बसला होता. शेवटी तिने वाटी माझ्याकडून घेतली, मला खाली बसवलं आणि माझ्या डोक्यावर ओतली. माझं बोरन्हाण चौसष्टाव्या वर्षी झालं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. गमबूट, कुरणं, समुद्र सगळं उलट्या क्रमाने गेलं. मी हात अवघडला तरी हलवला नाही. ऑक्टोबरअखेर मी पुण्याला परतले.

हे लिहितेय ते संक्रांत झाल्यावर. केदारने मराठी टाइप करायची सोय करून दिली होती, ती अशी उपयोगी पडतेय. सहल कशी वाटली, जावं का, असं विचाराल तर जरूर जा. जुलै-ऑगस्टमध्ये जा, ऊबदार मोजे न्या, नातवंडं असतील तर घसरगाडीवर स्वतः बसा.

संक्रांतीनंतर खालच्या मजल्यावर बोरन्हाण होतं. "काकू, बघायला या हं," असं मला आवर्जून बोलावलं होतं. मी गेले, खुर्चीत बसले. वाटी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होती. माझ्यापाशी आली आणि माझ्या मांडीवरून पलीकडच्या बाईकडे गेली. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. मी खालचा एक हलव्याचा दाणा उचलला, तोंडात टाकला आणि तिळगूळ घेऊन वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाचा फोन आला. मी कुठे गेले होते ते मंजिरीला सांगितलेलं तिने ऐकलं होतं. विचारलं, "आजी, डिड यू डू इट?"

नाही गं, मी म्हटलं.

"व्हाय? यू नो हाऊ."

तिथे तिच्याकडे दुपार झाली होती, मागे ओजसचा आवाज येत होता, त्यांना समुद्रावर जायचं होतं. मी म्हटलं, इथे बर्फ नाही ना गं.

हे तिला लगेच पटलं.