डबा तसाच परत पाठवू नये

आता हसायचं असेल तर हसून घ्या, पण आधी चहा खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा एकाने माझ्या सोफ्यावर चहा सांडला होता.

तर, तुम्हाला माहीतच आहे की कंपनीतली नोकरी सोडून मी विजय नगरमध्ये टिफिन सेंटर टाकलं. घरगुती मराठी जेवण. पोळ्या शांताबाई करतात, भाज्या आणि आमटी मी स्वतः. मला स्वयंपाक उत्तम येतो अशी माझी पहिल्यापासून खात्री होती. माझी बायको माधवी शाळेत गणित शिकवते. या खात्रीबद्दल तिने कधी काही म्हटलं नाही. मी ते मौन संमती म्हणून धरलं.

धंदा बरा चालला होता. पण सगळं जेवण प्लास्टिकच्या डब्यांतून जायचं. लोक जेवायचे आणि डबे फेकायचे. आपल्या इंदुरात कचऱ्याचं कसं आहे, तुम्हाला काय सांगू? इथे ओला-सुका वेगळा केला नाही तर गाडीवाला तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही त्याच्या घरी चोरी केली आहे. गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली की आमची सुकी बादली तुमच्याच डब्यांनी भरते.

त्यातच रश्मीजी आल्या. जवळच्या एका ऑफिसात त्या ॲडमिन बघतात. तिथले काही लोक आमचा टिफिन घ्यायचेच. त्या म्हणाल्या, आमच्या ऑफिसातून डंपिंगला जाणारा कचरा आम्ही कमी करत आहोत, तेव्हा पुढे ज्याचे डबे तोच परत नेईल अशाच माणसाला काम देणार. तुम्हाला हे जमलं तर पूर्ण फ्लोअरचं लंच तुमचं.

पूर्ण फ्लोअर! मला त्या रात्री झोप लागली नाही. लगेच स्टीलचे डबे आणले, झाकणाला क्लिप असलेले, एकदम बढिया. ठरवलं की आधी आपल्या ओळखीच्या सोसायटीत चालवून बघू. तिथे मराठी घरं बरीच, काही तर तीन-तीन पिढ्या इंदुरातली. माणसं चांगली. डबे बुडवणार नाहीत.

आता एकच अडचण होती. डबा धुऊन परत द्या, हे सांगायचं कसं? बापट काकूंसारख्या बाईला, जिच्या घरची भांडी आरशासारखी असतात, तिला मी लिहू की भांडं धुवा? मला ते फार उद्धट वाटलं. म्हणून मी ‘धुऊन’ हा शब्दच गाळला आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना नम्र मेसेज टाकला: ‘कृपया डबा तसाच परत पाठवू नये. आपण समजून घ्यालच.’ हिंदीवाल्यांना हिंदीत तेच: ‘डिब्बा ऐसे ही वापस न भेजें.’

आणि ते समजले. फार छान समजले.

आमचे पप्पू भिया मोपेडवरून डबे पोचवतात आणि संध्याकाळी रिकामे गोळा करून आणतात. पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले की भिया, काही डबे जड लागून राहिले आहेत. उघडून बघितलं तर एकात बेसनाचे लाडू. दुसऱ्यात लिंबाचं लोणचं. तिसऱ्यात मूठभर साखर, वर एक वेलदोडा.

माझे डोळे भरून आले. खरंच सांगतो. कोणता टिफिनवाला आहे ज्याला गिऱ्हाइकं उलट खाऊ पाठवतात? मी माधवीला म्हटलं, बघ, हाताला चव असली की असं होतं. ती उत्तरपत्रिका तपासत होती. वर न बघता ‘हं’ म्हणाली.

मी काय केलं, तर प्रत्येकाला उत्तर पाठवलं: ‘खूप आवडलं. असंच प्रेम राहू द्या.’

दुसऱ्या दिवशी प्रेम वाढलं. पोहे आले, त्यावर भुरभुरायचा जीरावन मसाला वेगळ्या पुडीत. मग साबुदाण्याची खिचडी आली. तळलेले गराडू आले, आपल्या इंदुरी कंदाच्या कुरकुरीत फोडी. सोसायटीत बायका एकमेकींना विचारायला लागल्या की आज तू डब्यात काय घातलंस, आणि जिने काल नुसती साखर घातली होती तिने दुसऱ्या दिवशी शिरा पाठवला. मी पुन्हा प्रत्येकाला आभाराचा मेसेज टाकला. आपल्याकडून कमी पडायला नको.

आठवडाभरात काय परिस्थिती झाली ती डोळ्यांसमोर आणा. आम्ही खातो आहोत, शांताबाईंच्या घरी जात आहे, पप्पू भियांच्या घरी जात आहे, बिल्डिंगचा चौकीदार मला बघून जिन्यामागे जायला लागला आहे. तरी अन्न उरतंच. शेवटी ते ओल्या कचऱ्यात. एका सकाळी गाडीवाल्याने आमची बादली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि चौकशी केली की घरात लग्न आहे का.

म्हणजे बघा, कचरा कमी करायला निघालेल्या माणसाची बादली आधीच्या दुप्पट झाली.

याच सुमारास गिऱ्हाइकं गळायला लागली. आधी कुळकर्णी. नवरा-बायको दोघं ऑफिसला जाणारी, त्यांनी कळवलं की आता घरीच करून घेऊ. मग आणखी दोघं. मला कळेना. इतकं प्रेम करणारी माणसं अशी सोडून का चालली? मी विचार केला, मसाला कमी पडत असणार. म्हणून लसूण वाढवला. त्यावर आणखी एक घर गेलं.

अशा अवस्थेत एका संध्याकाळी रश्मीजी किचन बघायला आल्या.

स्टीलच्या डब्यांची उतरंड बघून त्या खूश झाल्या. प्लास्टिकचा एक तुकडा कुठे नाही. पण या बाई झाकणं उचलून बघणाऱ्यातल्या आहेत. त्यांनी ओल्या कचऱ्याच्या बादलीचं झाकण उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने सांगितलं की हे आमचं नाही, हे लोकांचं प्रेम आहे. त्यांनी झाकण हळूच परत लावलं. मला वाटतं, त्यांनी प्रेमाची अशी बादली आधी बघितली नसावी.

तेवढ्यात पप्पू भिया नुकते आलेले डबे टेबलावर ठेवून गेले. एकाचं झाकण सैल होतं, त्यातून वास आला. चिंच-गुळाची आमटी, गरम. रश्मीजींनी विचारलं की चाखू का. मी चमचा दिला. त्यांनी एक चमचा घेतला, मग दुसरा, मग खुर्ची ओढून बसल्या.

“ये आपके किचन की है?” त्यांनी विचारलं.

आता मला सांगा, त्या क्षणी ती आमटी कुठे होती? माझ्याच किचनमध्ये होती न! मी “जी” म्हणालो.

पुढच्या बुधवारी पूर्ण फ्लोअरचं ट्रायल लंच ठरलं. अट एकच. हीच आमटी.

डबा बापट काकूंचा होता. मी तीन दिवस ती आमटी घरी करून बघितली. चिंच बदलली, गूळ बदलला, डाळ बदलली. माधवीने प्रत्येक वेळी शांतपणे चाखली. शेवटी म्हणाली, “आमटी आहे. पण ती नाही.”

मंगळवारी सकाळी मी काकूंच्या दारात उभा. काकूंनी आत बोलावलं. काका पेपर वाचत होते. मी विषय कसा काढावा या विचारात होतो, तर काकूंनीच आधी चाचरत सुरुवात केली.

“बरं झालं आलास मिलिंद. रागावू नकोस हं, पण पुढच्या महिन्यापासून डबा बंद करावा म्हणते.”

मी म्हटलं, काकू, चव बिघडली का? लसूण जास्त होतो का?

“चवीचं राहू दे रे. गुडघ्यांचं आहे. स्वयंपाक नको म्हणून डबा लावला होता न आम्ही? आता तुझ्या डब्यात घालायला काही हवं, म्हणून रोज दुपारी गॅसपाशी उभी राहते.”

“पण काकू, तुम्हाला घालायला सांगितलं कुणी?”

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “तूच. डबा तसाच परत पाठवू नये म्हणालास. यांनी तर म्हटलंसुद्धा की आजकालचा धंदेवाला स्पष्ट मागतो. पण मी म्हटलं, बरोबर आहे पोराचं, रिकामा डबा परत देतं का कुणी? आणि वरून तुझे मेसेज. खूप आवडलं, असंच राहू द्या. मग बंद तरी कसं करायचं?”

मी हळूच म्हणालो, “काकू, मला ‘धुऊन’ म्हणायचं होतं.”

मग पेपरच्या मागून आवाज यायला लागला. आधी मला वाटलं काकांना ठसका लागला. पेपर खाली आला तेव्हा कळलं की ते रडेपर्यंत हसत होते. काकूंनी तिथूनच शेजारच्या फ्लॅटला फोन लावला, तिथल्या बाईंनी पुढे लावला, आणि मी जिन्यापर्यंत पोचायच्या आत तीन मजल्यांवरून हसण्याचे आवाज येत होते.

पण जायच्या आधी मी सगळं सांगितलं. रश्मीजी, ट्रायल, माझा तो ‘जी’. मला वाटलं काकू आता झापतील. त्यांनी फक्त विचारलं की तुझ्या किचनमध्ये बसायला खुर्ची आहे का. मी म्हटलं, सोफा आणून ठेवतो.

बुधवारी काकू खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. चिंचेचा कोळ आत्ता घाल, गूळ आत्ता नको, तू जरा बाजूला हो. बाजूला हो, हे त्या बऱ्याचदा म्हणाल्या. आमटी त्यांची, भाजी त्यांची. मी डबे भरले आणि क्लिपा लावल्या.

संध्याकाळी पप्पू भिया डबे घेऊन आले. डबे हलके होते. उघडून बघितले, तर आत काही नाही. लोकांनी पुसून खाल्ल्यासारखे.

रश्मीजींचा फोन आला, काम पक्कं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं की बघा मॅडम, स्टीलच्या डब्यांनी किती फरक पडतो.

त्या अगदी अदबीने म्हणाल्या की डब्यांचं तर झालंच, पण आमच्या इथे रोज ओला कचरा वजन करतात. आधी ज्या दिवशी आपला टिफिन असायचा, त्या दिवशी बादली सगळ्यात जड असायची. भाजी जशीच्या तशी उरायची. लोक पोळी खायचे आणि उरलेलं टाकायचे. आज बादली जवळजवळ रिकामी आहे.

“हम लोग तो मानते हैं मिलिंदजी, कचरा सोर्स पर ही रोकना चाहिए,” त्या म्हणाल्या. “आपने रोक लिया.”

काकू आता रोज सकाळी येतात. बसून सांगतात, हात शांताबाईंचे. कुळकर्णी परत आले आणि विचारत होते की कूक बदलला का. मी हो म्हटलं, अजून काय म्हणणार?

रश्मीजींचं फोनवरचं ते बोलणं मी त्याच बुधवारी संध्याकाळी माधवीला जसंच्या तसं सांगितलं. तिने पेन बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलेल.

“काकूंचा फोन होता,” ती म्हणाली. “उद्या सकाळी मटार सोलायला सोर्सला वेळ आहे का, विचारत होत्या.”