वरच्या मॅडमचा राजीनामा

वरची खोली रिकामी का झाली, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. फोनवर अर्धवट कळेल, म्हणून लिहिते.

त्या खोलीत तीन वर्षं जी मुलगी भाड्याने राहिली, ती जिल्ह्याच्या सरकारी संगणक विभागाची प्रमुख होती. घुग्घुसच्या एका शिंप्याची लेक. मला काकू म्हणे. ईदचा शीरखुर्मा माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात, बिनसाखरेचा आणि अत्यंत बेचव आणून देई.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख आली, तेव्हा ब्रह्मपुरीकडच्या जंगलातल्या एका गावाचा एकही अर्ज पोचला नव्हता. ही स्वतः गेली. त्या गावात नेटवर्क एकाच जागी येतं, धानाच्या बांधावरच्या मचाणावर. रानडुकरं हाकायला लोक तिथे बसतात. ही लॅपटॉप घेऊन चढली आणि दिवसभर मुलांचे अर्ज पाठवत बसली. सरपंचबाईंनी कौतुकाने फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला.

नेमकी त्याच दिवशी भद्रावतीजवळ रस्ता खोदताना केबल तुटली. कचेऱ्यांतले संगणक दुपारपर्यंत बंद राहिले. केबल तिच्या खात्याची नव्हती. तरी मचाणावरूनच चार-पाच फोन करून तिने ती जोडून घेतली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘सर्व्हर ठप्प, मॅडम सफारीवर’. छापताना ग्रुपवरच्या त्या फोटोतून धान आणि लॅपटॉप कापून टाकले होते. उरलं मचाण, मॅडम आणि मागचं जंगल. आपल्या जिल्ह्यात असा फोटो पाहून लोक एकच गोष्ट विचारतात.

“वाघ दिसला का मॅडम?” दूधवाल्याने विचारलं. कचेरीतल्या शिपायाने विचारलं. वरिष्ठ म्हणाले, “खुलासा देऊ नका, विषय वाढतो. आठ दिवसांत लोक विसरतील.” मग जरा थांबून त्यांनीही विचारलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या अब्बांचा फोन आला. दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, म्हणून त्यांनी चाचरत विचारलं, “बेटा, तू खरंच फिरायला गेली होतीस का?”

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “काकू, मी राजीनामा देतेय.”

हे कळताच सरपंचबाई एसटीने धावत आल्या. “मले का मालूम जी मॅडम! म्या त चांगल्यासाठी फोटो टाकला. तुमी काऊन सोडून राह्यल्या? त्या पेपरवाल्यालेच सोडाले लावा ना!” मग माझ्याकडे वळून, “बाई, तुमी इंग्रजी शिकल्या, तुमी तरी समजवा इले.”

मी समजावून पाहिलं. तिने चहा केला, सरपंचबाईंना बसस्टँडवर सोडून आली आणि लॅपटॉप उघडला.

राजीनामा आता संगणकावरच द्यावा लागतो. तो फॉर्म तिनेच तयार केला होता. कारणांची यादी होती: वैयक्तिक, प्रकृती, विवाह, इतर.

“वैयक्तिक निवड,” मी म्हटलं. “सगळे तेच लिहितात.”

“यात माझं वैयक्तिक काय आहे, काकू?”

तिने ‘इतर’ निवडलं. तिथे पन्नास अक्षरांचीच जागा होती. लोक फार लिहितात म्हणून ती मर्यादाही तिनेच घातलेली. तिने लिहिलेलं कारण दीड पान होतं.

आम्ही तासभर काटछाट केली. आधी पेपर गेला, मग केबल, मग वरिष्ठ. मुलांचे अर्ज काढायला ती तयार नव्हती, पण तेही मावेनात. शेवटी उरलं, ‘मी सफारीवर नव्हते, कामावर होते.’ तिने ते दोनदा वाचलं आणि बटण दाबलं.

मंजुरी त्याच दुपारी आली. तिच्या खात्यात इतक्या लवकर काही मंजूर झाल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

ती अब्बांकडे गेल्यावर मी सरपंचबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “गावातल्या नऊ पोरायचे जातीचे दाखले अर्जाले जोडाचे अजून रायले न बाई. ते आता कोनाले द्याचे?”

मी म्हटलं, माहीत नाही.