पासवर्डसाठी अहिराणी शब्द

मंडळी, आज सकाळी देवपूरच्या घरी बसून पासवर्ड मॅनेजरसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. साचा सोपा आहे: दोन शब्द, एक चिन्ह, तीन आकडे. शब्द ती यादीतून वाटेल तसे उचलते.

यादी अहिराणीची करायची ठरवलं. बयतन म्हणजे सरपण, आंडेर म्हणजे लेक. तीस शब्दांवर गाडी अडली. आई गेल्यापासून घरात अहिराणी कुणी बोलत नाही. बायको पुण्याची, मुलंही तिच्यासारखीच बोलतात.

शेवटी भडगावला अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, फोन लावला.

"बठ्ठा शबद भुली गया का रे भाऊ तू?" म्हणाली, आणि सांगतच सुटली. अगदी आईसारखी, मधेच जेवलास का विचारत. यादी केव्हाच पुरी झाली होती. मी मात्र लिहून घेतोय असंच भासवत राहिलो.

तुमच्या घरात अजून कुणी बोलतं का?

उद्यापासून ऑफिसचा कॉम्प्युटर उघडताना रोज अहिराणीचे दोन शब्द टाइप करीन. दिवसभरातली माझी अहिराणी तेवढीच, आणि तीही कुणाला सांगायची नाही.