आमची गिरणी फंक्शन नाही

मी अकरावी सायन्सला होते. कॉलेज श्रीरामपूरला आणि घर बेलापूरला, तिथं आमची पिठाची गिरणी. गणिताचे सर आमच्याच गावचे, त्यामुळे त्यांच्या घरचं दळणही आमच्याकडेच यायचं.

त्या दिवशी सरांनी फंक्शन शिकवायला घेतलं. पुस्तकातली व्याख्या कुणाच्याच डोक्यात शिरेना, तेव्हा ते म्हणाले, "पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. बाजरी टाकली की बाजरीचं पीठ, गहू टाकला की गव्हाचं. आत एक वस्तू घातली की बाहेर ठरलेली एकच येणार, दरवेळी तीच. झालं फंक्शन!"

मी गिरणीतच वाढलेली. मला राहवेना. हात वर केला.

"सर, तसं नसतं. गव्हानंतर बाजरी टाकली तर पहिल्यांदा थोडा गहूच येतो, ज्वारीनंतर टाकली तर ज्वारी. बाजरी तीच, पीठ वेगळं. म्हणजे आमची गिरणी फंक्शन नाही."

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. खडू तसाच धरून त्यांनी हळूच विचारलं, "आणि उपासाचं पीठ?"

सरांच्या आईची एकादशी फार कडक. त्यांची वरई आमच्याच चक्कीत दळली जायची. हे मला हात वर करण्याआधी आठवायला हवं होतं.

"त्यात पण येतं, सर," मी म्हणाले. "पण थोडंसंच."

संध्याकाळी सर गिरणीवर हजर, बरोबर आई. चक्की जोरात चालू होती आणि माझे वडील भुवयांपर्यंत पांढरे झाले होते.

"तुमची मुलगी म्हणते, ही गिरणी फंक्शन नाही!" सर ओरडले.

"कुनाचं फंक्शन?" वडीलही ओरडले. "किती मानसांचं दळायचंय?"

मी धावत जाऊन चक्की बंद केली. त्या शांततेत सरांच्या आईंनी विचारलं, "खरं सांगा, माझ्या आजवरच्या एकादश्या मोडल्या का?"

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोत्यामागे सरकले. "मावशी, उपासाचं दळन आलं की मी झाडून घेतो," ते म्हणाले. मग चक्कीवर हात ठेवून, "पर दगडाच्या पोटात ऱ्हातंच चिमूटभर. खोटं कशाला बोलू?"

त्या मटकन पोत्यावर बसल्या. आईला धीर द्यायचं सोडून सर एकदम उजळले. "म्हणजे नुसतं बाजरी म्हणून भागत नाही! आधी काय दळलं तेही सांगायला हवं. ही जोडी सांगितली की पीठ ठरलेलंच!"

पत्र्याच्या झाकणावर पीठ साचलं होतं. त्यात त्यांनी बोटानं दोन रेषा ओढल्या. आडवी आधीच्या दळणाची, उभी आत्ताच्या दळणाची. मग दोन टिंबं काढली.

"हा बिंदू गहू, बाजरी. हा बाजरी, गहू. दोन्ही एकच का?"

मला तोवर दोन-तीन आणि तीन-दोन हे बिंदू सारखेच वाटायचे; सर उगाच मार्क कापतात, असं माझं मत होतं. मी उत्तर शोधत असताना वडीलच म्हणाले, "एकच कसं आसंल? बाजरीमागं गहू दळला की चपाती काळपट व्हती. लोकं डबा घेऊन भांडाया येत्यात. गव्हामागच्या बाजरीला कोन बोलत न्हाई!"

मला बिंदू कळला तो असा.

दुर्दैवानं रांगेतल्या बायकांनाही कळला. दुसऱ्या दिवसापासून कुणी बाजरीच्या मागे उभं राहायला तयार होईना. "तुमी व्हा म्होरं," "नको, तुमीच व्हा," असं करत रांग उलटी दारातून बाहेर चालली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी पाटी लावली: आधी उपासाचं, मग तांदूळ, गहू, ज्वारी आणि शेवटी बाजरी.

चाचणीत सरांनी गिरणीवरच प्रश्न घातला. मला पाचपैकी चार मिळाले. चक्की झाडल्यावर काय होईल, ते लिहायचं मी विसरले होते.

सरांच्या आई अजूनही आमच्याकडेच येतात. वडील चक्की झाडतात, त्या चष्मा लावून आत डोकावतात आणि मगच डबा पुढे करतात. एवढं करूनही पहिलं ओंजळभर पीठ घरी नेत नाहीत. "ते तुमच्याकडेच राहू द्या," म्हणतात. त्यामुळे दर एकादशीला आमच्या घरी वरईची भाकरी असते. उपास मात्र कुणाचाच नसतो.