परवान्यावरचं नाव

तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला की मला मिरजेची ती कचेरी आठवते. लढाईचे दिवस, धान्यावर कंट्रोल, आणि नवरे पलटणीत गेलेल्या आम्ही तिघी जावा स्टेशनाबाहेर झुणका-भाकरी विकायचो. एके दिवशी परवाना कचेरीतला शिपाई आला आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत दरडावत राहिला, परवाना नसेल तर चूल बंद! गल्लीतले वकील फी न घेता आमच्याबरोबर कचेरीत आले. कारकून म्हणाला, "बाईच्या नावानं परवाना मिळत नाही. नवऱ्याचं नाव सांगा." थोरल्या जाऊबाईंनी पदर सावरला. "आवं सायेब, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत." मी म्हणाले, "मी बी न्हाई घेणार." धाकटीनं तर तोंडच फिरवलं. तेव्हा वकिलांनी कायद्याचं पुस्तक त्याच्यापुढं उघडलं. "यात 'धंदा करणारी व्यक्ती' एवढंच आहे. नवरा कुठं लिहिलाय, बोट ठेवून दाखवा." त्याचं बोट नुसतंच फिरत राहिलं, आणि परवान्यावर आम्हा तिघींची नावं चढली. बाहेर येताच थोरल्या जाऊबाई हसल्या, "हळदीकुंकवाला उखाण्यात घेतेच की मी त्यांचं नाव!" आजही माझ्या खानावळीच्या दारात कुणी "मालक कुठायत?" विचारलं, की मी पिठाचे हात तसेच ठेवून म्हणते, "समोर हाय. बोला."